मदत हवी आहे: जुन्या पायथन स्क्रिप्टवरून पहिलं डेस्कटॉप ॲप

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका छोट्या मराठी वाचनालयाची देवघेव माझ्या पायथन स्क्रिप्टवर चालते, डेटा एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमधला छोटा डेटाबेस) आहे. काउंटरवरच्या काकूंना कमांड टाइप न करता पुस्तकं देता-घेता यावीत, म्हणून आता बटणांचं ॲप करायचंय.

पीसी विंडोज ७, ३२-बिट. नवा घेणं शक्य नाही, इंटरनेटही नाही. त्यामुळे पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही आणि क्यूटी ६ (खिडक्या-बटणं बनवायचं साधन) बाद. इलेक्ट्रॉन (जावास्क्रिप्टमध्ये डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) नको, कारण दंड आणि मुदतवाढीचे नियम नीट तपासलेले आहेत, ते जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहायचे नाहीत.

टीकिंटरमध्ये (पायथनसोबतच येणारं खिडक्या-बटणांचं साधन) नमुना करून पाहिला. मराठी-गुजराती नावं व्यवस्थित दिसतात, पण पूर्ण पुस्तकयादी भरली की शोध अडखळतो. पायसाइड २ मध्ये (पायथनमधून क्यूटी ५ वापरायचं साधन) यादी झरझर सरकते, मात्र पायइन्स्टॉलरने (पायथन कोडची थेट चालणारी फाइल बनवणारं साधन) बनलेली फाइल फारच मोठी होते. पेन ड्राइव्हने नेणार असल्यामुळे तेवढं चालेल.

खरी अडचण जुन्या कोडची आहे. नियम, इनपुट आणि प्रिंट एकाच फंक्शनमध्ये मिसळलेत. आधी नियम वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढून मग पायसाइड २ जोडावं, की स्क्रिप्ट आहेत तशाच ॲपमधून सबप्रोसेसने (म्हणजे वेगळा प्रोग्राम म्हणून) चालवल्या तर पुढे त्रास होईल?