एचबीएवनसी ६.२ आलंय. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला, चालतंय न्हवं?

अडतीवरचा:
नमस्कार मंडळी. वय ४७, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. करवीर तालुक्यात वडिलांचं गुऱ्हाळ होतं, म्हणजे काकवी चाटतच मोठा झालो म्हणा.

गेल्या महिन्यात धाकट्या भावानं ओढून रक्त तपासायला नेलं. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ६.२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८. डॉक्टर म्हणाले, "अजून शुगर नाही, पण उंबऱ्यावर उभे आहात. गोड बंद." गोळी नाही. लगेच पुढचा पेशंट.

वजन ६४, उंची पाच फूट सहा. गल्लीत मला कोण जाड म्हणणार नाही. पोट तेवढं जरा पुढं आलंय, पण चाळिशीनंतर कुणाचं येत नाही?

घरी आल्याआल्या साखरेचा डबा माळ्यावर टाकला. चहात आता गूळ, तोही बिनरसायनाचा, काळपट, ओळखीच्या गुळव्याकडचा. दिवसाला सहा-सात चहा होतात, सौदे चालू असले की मोजत नाही. साधी बिस्किटं सोडून आता कोंड्याची तपकिरी बिस्किटं आणतो, पाकिटावर हृदयाचं चित्र आहे. रविवारची मिसळ बंद, त्याऐवजी पोरांचे चॉकलेटी कॉर्नफ्लेक्स. दुपारी पाकिटातला फळांचा रस, त्यावर 'वरून साखर घातलेली नाही' असं लिहिलंय.

बायको म्हणते, "गूळ म्हणजे साखरेचा थोरला भाऊ." मी म्हणतो, कारखान्यात गंधकाचा धूर दिलेली पांढरी साखर आणि काहिलीत आटवलेला रस एक कसा? ज्या गुळावर आमच्या तीन पिढ्यांची चूल पेटली त्याला रोगाचं मूळ म्हणायला जीभ रेटत नाही. आजोबा जेवण झालं की गुळाचा खडा तोंडात टाकायचे, ८४ वर्षं जगले. कोण बरोबर ते सांगा. आणि मिसळीचं पण सांगा.

लॅबवाली ताई:
दादा, वहिनी बरोबर आहेत. मी सोळा वर्षं लॅबमध्ये रक्त काढतेय. 'साखर खात नाही, फक्त गूळ खाते' हे वाक्य सुई टोचताना रोज एकदा तरी ऐकते.

साखर म्हणजे जवळपास निव्वळ सुक्रोज. गुळातही बहुतेक भाग तोच, शिवाय थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, पाणी आणि क्षार. लोह असतं, मान्य. पण त्या लोहासाठी जेवढा गूळ खावा लागेल तेवढा तुम्हाला परवडणार नाही.

सुक्रोज आतड्यात फुटलं की निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोजचा बहुतेक निपटारा यकृतात होतो. तुम्ही अडतीवरचे म्हणून तुमच्या भाषेत सांगते: आवक जास्त आणि उठाव नाही, की माल गोदामात. यकृत त्या जादा मालाची चरबी करतं. थोडी रक्तात सोडतं, ते तुमचं २३८. थोडी स्वतःतच साठवतं. चरबी साठलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. तुम्ही रात्री आठला जेवून सकाळी उपाशी आलात तरी ११२ दिसतं ते बहुधा त्यामुळंच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस हे सगळं मिळून रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला म्हणजे ५० ग्रॅम. २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर आणखी चांगलं. सात चहात दोन-दोन चमचे धरले तर तुम्ही चहावरच ५० च्या पुढं गेलात. पाकिटातला रस वेगळाच. त्यात वरून साखर नसली तरी फळाचा चोथा गेलाय आणि साखर तेवढी राहिलीय.

एक आगाऊपणा करते, हिमोग्लोबिनही तपासा. अंगात लोह कमी असलं तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं. तुमचं ट्रायग्लिसराइड बघता तसं असेल असं वाटत नाही, पण बघून घ्या.

गंगावेशचा गडी:
भावा, आमी तालमीत होतो तवा दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध, थंडाई, वर गूळ-शेंगदाणे. शुगर म्हंजे काय तेच ठावं न्हवतं. पण हजार बैठका पण मारत हुतो. कुस्ती सुटली, खुराक सुटला न्हाई. ५२ व्या वर्षी गोळी सुरू झाली. तुजा आजोबा उसाच्या मोळ्या उचलत हुता, तू वही उचलतोस. एवढंच हाय बग.

पाकीट वाच आधी:
काका, मी अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे, सवयीप्रमाणं तुमच्या पोस्टमधली पाकिटंच आधी मोजली.

गूळ आणि पाकीट हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २००९ साली ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी अन्नाची वर्गवारी त्यावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली यावरून मांडली. त्यात गूळ, साखर, तेल, मीठ हे स्वयंपाकाचे घटक म्हणून एका गटात येतात. म्हणजे तुमचा गूळ गावरान आहेच, पण म्हणून तो साखर नाही असं होत नाही. शेवटच्या, अतिप्रक्रिया केलेल्या गटात माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, बनावट स्वाद असल्या आपल्या फडताळात नसणाऱ्या वस्तूंनी बनलेले पदार्थ येतात.

घरातलं कोंड्याचं बिस्किट उलटं करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. आमच्या घरच्या पाकिटावर मैदा, पाम तेल, साखर आणि मग कोंडा आहे. हृदयाचं चित्र पुढं छापतात, यादी मागं.

२०१९ साली अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी २० जणांना महिनाभर संशोधन संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे पाकिटातलं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर मांडलेल्या कॅलरी, साखर, चरबी, चोथा सगळं सारखं, खा हवं तेवढं. पाकिटाच्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, खाण्याचा वेगही जास्त होता. वजन सरासरी ०.९ किलो वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. मऊ, चावायला न लागणारं अन्न पोट भरल्याचा निरोप पोचायच्या आत संपतं.

आता मिसळ. मटकी मोड आलेली, रस्सा घरचा, ती तुमच्या चॉकलेटी कॉर्नफ्लेक्सपेक्षा शंभर वेळा बरी. शेवेला हात आखडता, कट जरा कमी, आणि ब्रेडचे चार स्लाइस घेत असाल तर एक. रविवार तुमचा तुम्हाला परत.

रोखठोक:
म्हणजे आता ऊस लावायचा का नाही? अख्खा जिल्हा उसावर जगतोय आणि इथं शहाणपण.

लॅबवाली ताई:
रोखठोकदादा, ऊस लावा की. आम्ही पण लावतो, पैसे घरात येऊ देत. फक्त सगळा उतारा स्वतःच्या पोटात घेऊ नका.

अडतीवरच्या दादांसाठी एक राहिलं. 'मला कोण जाड म्हणत नाही' यावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. तुमचा बीएमआय साधारण २३ येतो. काटा सोडा, टेप घ्या. आपल्याकडच्या पुरुषांना कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

अडतीवरचा:
टेप बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात होता. ९६.

बिस्किटाचं पाकीट उलटं केलं. मैदा, पाम तेल, साखर, कोंडा. पोराच्या हातून वाचून घेतलं, तर पोरगं म्हणतंय, "पप्पा, मग आमचे कॉर्नफ्लेक्स कशाला आणता?" त्याला उत्तर देता आलं नाही.

ठरलंय असं: चहा तीन, बिनगुळाचा. चार दिवस औषध पिल्यागत वाटलं, आता सवय होतीय. पाकिटातला रस बंद, त्याऐवजी पेरू. गंगावेशच्या वस्तादांचं मनाला लागलं म्हणून संध्याकाळी रंकाळा तलावाला एक फेरा.

अडचण एकच. सौद्याला रवा (गुळाची ढेप) फोडून चव घेतल्याशिवाय भाव बोलता येत नाही, आणि दिवसाला वीस-पंचवीस रवे तरी होतात. चव बघून थुंकतो म्हटलं तर शेतकरी समोर उभा असतो, त्याला वाटंल माल वाईट आहे. नखाएवढाच घेतो आता. ताई, तीन महिन्यांनी परत तपासायचं असतं म्हणे, पण मी दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधीच येतो. त्यानंतरच्या आकड्याची हमी मी घेत नाही.