मूल झाल्यावर तुमचं दोघांचं काय झालं? नागपूरकरांनो, लिहा

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, लेक पाच वर्षांची आहे. मधली दोन वर्षं आम्ही एकमेकांशी दूध, डायपर आणि कामवाली यांच्यापलीकडे बोललोच नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ९७, असं वाचलं आणि एका रविवारी आम्हीही आमचा हिशोब कागदावर मांडला. पण मला मिनिटांपेक्षा जास्त खुपत होतं ते लक्षात ठेवणं. लसीची तारीख, संपत आलेलं दूध, शाळेतला फॅन्सी ड्रेस. "सांग ना, करतो," असं तो म्हणायचा, आणि ते सांगत बसण्यानंच मी थकायचे. आता लसी आणि शाळेचा ग्रूप पूर्ण त्याच्याकडे आहे. एक लस आठवडाभर उशिरा झाली. मी काही बोलले नाही, आणि तेच सगळ्यात जड गेलं.

तुमच्याकडे कशानं बिनसलं, कशानं सावरलं? नाव नका देऊ, पण मोकळेपणानं लिहा.

महालातून, धाकटी सून

खाली सासू-सासरे, मधे जाऊबाई, वर आमच्या दोन खोल्या. भांडायलाही जागा नाही न् चार शब्द बोलायलाही. दार लोटलं की कोणीतरी येणारच, "काय झालं जी, बाळ रडून राहिलं काय?" शेवटी जाऊबाईंनीच मार्ग काढला. गुरुवारी जेवणं आटोपली की बाळ त्यांच्यापाशी, आणि आम्ही दोघं गाडीवर फुटाळा तलावावर. भुट्टा खायचा, तासाभरात परत यायचं. तिथे काठावर बसून ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं की दुकान तोट्यात आहे. चार महिने मनातच ठेवलं होतं. ते घरात गप्प असायचे, तर मला वाटे माझ्यावरच राग आहे.

हिंगणा रोडवरून, एका मुलाचा बाप

मे महिना, पारा पंचेचाळीसवर, बाळ अडीच महिन्यांचंही नव्हतं. रात्री दोनच्या सुमारास कूलरचं पाणी संपायचं. पंप कोरडा फिरला की आवाज बदलतो, गरम हवा यायला लागते आणि बाळ उठतं. बायको पाजायची, मी कूस बदलायचो. मला खरंच वाटायचं, पाजणं माझ्या हातात नाही, तर मी उठून करू काय? एका रात्री डोळा उघडला तर ती बाळाला खांद्यावर टाकून दुसऱ्या हातानं पाण्याची बादली उचलत होती. ऑपरेशनचं बाळंतपण होतं. मला तिच्याकडे बघवेना.

त्या रात्रीपासून तिनं फक्त पाजायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं, कूलर भरणं माझं. एमआयडीसीत सकाळची पाळी असते, यंत्रापाशी डोळे जड व्हायचे, म्हणून शनिवारची रात्र सासूबाईंनी घेतली. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. पहाटे गॅलरीत बाळाला थोपटत उभा असलो की ती कधीकधी झोप सोडून शेजारी येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही. आधीचे दोन महिने ती माझ्याजवळ अशी आलीच नव्हती.

सिव्हिल लाइन्स, केंद्र सरकारी नोकरी

एकच सांगतो, उपयोगी पडेल. आम्हाला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते आणि ती जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. बाळंतपण माहेरी होतं, तिथे माझी गरज नव्हती. बायको बाळाला घेऊन नागपूरला परतली, तेव्हा मी ती रजा घेतली. पहिले पंधरा दिवस घरात आम्ही तिघंच होतो.

धरमपेठेतून

आमचं मोडलं, तेही लिहायला हवं. कामं अर्धी-अर्धी होती, पैशांची ओढाताण नव्हती. पण पाहुण्यांसमोर तो माझ्या बोलण्याची, माझ्या नोकरीची टर उडवायचा. मी हसून सोडून द्यायचे. मुलगा बारा वर्षांचा झाला आणि एक दिवस त्यानंही मला त्याच सुरात उत्तर दिलं. त्या रात्री मी निर्णय घेतला.

अंबाझरीजवळून, लग्नाला ३४ वर्षं

मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला. दोघंच उरलो तेव्हा पहिले काही महिने घर खायला उठायचं. मुलांशिवाय बोलायला विषयच नव्हता. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला आढळलं की जोडप्यांच्या भांडणांतले ६९ टक्के विषय कायमचेच असतात, मिटत नाहीत. हे वाचून मला फार हलकं वाटलं. नणंदेला किती द्यायचं, यावर आमचं लग्नापासून एकदाही एकमत झालेलं नाही. आता तो विषय निघाला की मी म्हणते, "आज नको, उद्या फिरायला गेल्यावर." तलावाच्या फेरीत बोलतो, कधी आवाज चढतो. येताना पोहे घेतो. त्यांना तर्री वरून भरपूर लागते, मला बाजूला. आता ते माझी वेगळी मागून घेतात, मला सांगावं लागत नाही.