स्कोलिओसिस (कणा बाजूला वाकलेला) आहे, त्यात आता हाताला मुंग्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल!

वाकडीवाट: शाळेत असल्यापासून स्कोलिओसिस आहे, आता कॉब अँगल, म्हणजे बाकाचं माप, ३४ अंश. पाठ दुखते त्याची सवय झालीये, पण वर्षभरापासून उजव्या हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात आणि जिना उतरताना पाय कुठे पडतोय तेच कळत नाही. कंबरेचा एमआरआय नॉर्मल, एनसीव्ही (नसांची तपासणी) नॉर्मल, मग डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका आणि आई म्हणते मोबाइल ठेव. याचा कण्याशी संबंध असतो का?

कोकणी_माणूस: हाताचा त्रास कंबरेत शोधून कसा सापडेल हो? बाक कुठल्या बाजूला आहे? वयात येताना होणारा स्कोलिओसिस छातीच्या भागात बहुतेक वेळा उजवीकडे वळतो, डावीकडे असेल तर पूर्ण मणक्याचा एमआरआय करायला सांगतात. माझ्या बहिणीला त्यातच कियारी निघालं, म्हणजे लहान मेंदूचा खालचा भाग कवटीतून मानेत उतरलेला, आणि मज्जारज्जूत पाणी साठून पोकळी झालेली, त्याला सिरिंक्स म्हणतात. तवा लागून फोड यायचा तरी तिला चटका कळायचा नाही.

सुमा_ताई: लगेच घाबरवू नका तिला. आधी बी१२, शुगर, थायरॉइड बघ गं. मी शाकाहारी, माझ्या मुंग्या बी१२च्याच निघाल्या, आणि ते फार कमी असेल तर चालताना तोलही जातो. फक्त तपासणीला रक्त दिल्याशिवाय गोळ्या सुरू करू नकोस, मग रिपोर्टमधून काही कळत नाही.

वाकडीवाट: बी१२ ठीक आहे ताई. बाक डावीकडेच आहे 😟 आणि खोकलं, शिंकलं की डोक्यात मागच्या बाजूला कळ येते.

कोकणी_माणूस: मग हे न्यूरोवाल्यांना असंच्या असं सांगा, खोकल्याचं आणि बाकाचं दोन्ही. एनसीव्हीत हातापायाच्या नसा तपासतात, मज्जारज्जूत पोकळी असली तरी ती नॉर्मल येऊ शकते. मेंदू आणि पूर्ण मणका असा एमआरआय लागेल का ते विचारा. तोवर मान मोडून देणाऱ्या कुणाकडेही जाऊ नका प्लीज, आमच्याकडे तोही प्रकार झालाय. आणि लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद गेली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत जायचं.

वाकडीवाट: सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. त्या मशीनच्या बोगद्यात मात्र मला जाम भीती वाटते, गेल्या वेळी घंटी दाबून बाहेर आले होते.

सुमा_ताई: आत जायच्या आधीच डोळ्यांवर रुमाल बांधून घे, आणि टेक्निशियनला सांग मध्येमध्ये बोलत राहा म्हणून.