भावाच्या हृदयाला पुन्हा सूज आली, आता जनुकातही दोष निघाला. स्टेरॉइड द्यावं का?

कोथरूडची ताई:
नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय २९, हिंजवडीत नोकरी, दर रविवारी अतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड. २०२३ च्या डिसेंबरात एका रात्री छातीत जोरात कळा आल्या. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) खूप वाढलेलं, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ. "मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आहे, व्हायरल असेल, सहा महिने दगदग नको, मग मोकळा," असं सांगून घरी सोडलं. आमचा मामा अडतिसाव्या वर्षी वेल्ह्याला शेतात उभ्याचा कोसळला होता. हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. त्याने सहा महिने नीट पाळले, सातव्या महिन्यात गड सुरू.

गेल्या महिन्यात पुन्हा तेच. या वेळी एमआरआयमध्ये डाव्या कप्प्याच्या भिंतीत, बाहेरच्या बाजूने, बांगडीसारखा गोल व्रण दिसला. पंपिंग ४५ टक्के. होल्टरमध्ये (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) जादा ठोके. नवीन डॉक्टरांनी त्याला मोजे काढायला सांगितले. तळवे दाबून पाहिले, केसांतून हात फिरवला. त्याच्या टाचा लहानपणापासून चामड्यासारख्या जाड. आई रोज रात्री आमसुलाचं तेल पातळ करून चोळायची. केस लोकरीसारखे, कंगवा अडकायचा. हे सगळं हृदयाशी जोडलेलं असेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तपासणीत डेस्मोप्लाकिन नावाच्या जनुकात दोष निघाला. आईतही तोच आहे, आणि तिला ५८ व्या वर्षी काहीच त्रास नाही.

आता एक डॉक्टर म्हणतात स्टेरॉइड सुरू करू, दुसरे म्हणतात हृदयाच्या गोळ्या आणि छातीत मशीन (ठोके बिघडले की शॉक देणारं), बास. आणि जनुक तर बदलणार नाही, मग सूज उतरवून उपयोग काय? जाणकारांनी कृपया सांगा.

हडपसरकर:
ताई, माझ्या बहिणीला हाच जनुकदोष आहे. तिलाही पहिल्यांदा व्हायरलच सांगितलं होतं. औषध सुरू करण्याआधी पेट (PET) स्कॅन झाला का? एमआरआयमध्ये व्रण चांगला दिसतो, पण आत्ता सूज किती धगधगते आहे ते पेटमध्ये कळतं. मात्र तयारी काटेकोर हवी. आदल्या दिवशी पोळी, भात, साखर, फळं, दूध सगळं बंद. फक्त अंडी, पनीर, मटण-मासे, तूप, आणि मग रात्रभर उपाशी. हृदय साखर जाळत असेल तर ते तसंही स्कॅनमध्ये उजळतं आणि सूज कुठली ते ओळखू येत नाही. बहिणीने सकाळी सवयीने चहाचे दोन घोट घेतले, साखरेचा, आणि तपासणी वाया गेली. पुन्हा सगळं करावं लागलं.

फिजिशियन, सदाशिव पेठ:
मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, तरी लिहितो. डेस्मोप्लाकिन हे पेशींना एकमेकींशी शिवून ठेवणारं प्रथिन. ज्या अवयवांवर सतत ताण येतो तिथे, म्हणजे त्वचेत आणि हृदयात, त्याचं काम जास्त. टाके कच्चे असले की श्रमाने उसवतात, पेशी मरतात, ती जागा साफ करायला शरीराच्या संरक्षक पेशी धावतात, आणि नंतर तिथे व्रण उरतो. म्हणजे ही सूज बाहेरून आलेली नाही, त्या आजाराचाच तो भडका आहे. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर १९८६ साली जाड तळवे, लोकरी केस आणि हृदयविकार अशी कुटुंबं नोंदली गेली. जनुक वेगळं होतं, पण काम त्याच टाक्यांचं.

आता तुमचा "उपयोग काय" हा प्रश्न. प्रत्येक भडका व्रण वाढवून जातो, म्हणून सूज उतरवण्याला अर्थ आहे. उंदरांमध्ये सूज आणणारी यंत्रणा रोखली तेव्हा स्नायूचं नुकसान कमी झालं. माणसांत स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा अनुभव आहे, पण थोड्याथोड्या रुग्णांचा. मोठी चाचणी नाही. म्हणून दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, दोघेही चुकीचे नाहीत. माझं स्वतःचं मत: पेटमध्ये सूज दिसली आणि भडका दुसऱ्यांदा आला असेल, तर काही महिने देऊन पुन्हा पेट करून पाहणं योग्य. सूज दिसत नसेल तर नुसत्या जनुकासाठी देऊ नये.

आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालणार नाही. प्रतिकारशक्ती दाबली की लपलेला टीबी उसळू शकतो, म्हणून आधी टीबी नाही ना, याची खात्री. छातीचा सीटी, टीबीची तपासणी, हिपॅटायटिस बी, साखर. सार्कॉइडोसिसही (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी आणणारा आजार) असाच दिसतो, तोही वगळावा लागतो. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही. मेथोट्रेक्सेट दिलं तर आठवड्यातून एकदाच, रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

मशीनचा निर्णय यापासून वेगळा ठेवा. या जनुकात पंपिंग फार खाली नसतानाही धोकादायक ठोके येऊ शकतात. सूज गेली म्हणून ती जोखीम गेली, असं धरू नका. आणि गड बंद. सहा महिन्यांपुरता नाही, कायमचा. सपाटीवर रमत चालणंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

हडपसरकर:
बहिणीचं स्टेरॉइड हळूहळू कमी करत नेलं, आता अ‍ॅझाथायोप्रिनवर आहे. दुसऱ्या पेटमध्ये सूज बरीच ओसरलेली. व्रण मात्र आहे तिथेच आहे. स्टेरॉइडने तोंड सुजलं, झोप उडाली, चिडचिड व्हायची, घरच्यांनी त्याची तयारी ठेवा. मशीन बसवलं आहे, गेल्या पावसाळ्यात एकदा शॉक बसला. त्या दिवशी ती वाचली.

कोथरूडची ताई:
दोघांचेही मनापासून आभार. पेट येत्या बुधवारी ठरला आहे. टीबीच्या तपासण्या आज दिल्या. घरात गॅसजवळ कागद चिकटवलाय: मंगळवारी चहा नाही. भावाने बूट स्वतःहून माळ्यावर टाकले, मला ते बघवलं नाही.

आई मात्र "माझ्यातूनच गेलं" म्हणत बसते, मामाचा फोटो पुसते. माझी तपासणी अजून व्हायची आहे. लेक सहा वर्षांची. काल तिला आंघोळ घालताना मी तिच्या टाचा हाताने चाचपून पाहिल्या. मऊ आहेत. तरी माझा रिपोर्ट दोषाचा आला, तर तिचंही बघावं लागेल ना?

फिजिशियन, सदाशिव पेठ:
हो. तुमचा आला तर तिला येण्याची शक्यता निम्मी. टाचा मऊ असल्या तरी तपासणी टाळू नका. तुमचा रिपोर्ट नकारात्मक आला, तर तिला गरज नाही. आधी तुमचं रक्त द्या, आणि रिपोर्ट घ्यायला जाल तेव्हा जनुक सल्लागारांना भेटायला आईलाही सोबत न्या.