बाथरूममधली काळी बुरशी घासली तरी महिन्याभरात परत येते, नेमकं काय चुकतंय?

ओलीभिंत:
ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाथरूम ५ बाय ७ फूट, उंची ८ फूट. खिडकी एकच, काचेच्या पट्ट्यांची, ती डक्टमध्ये उघडते. एक्झॉस्ट फॅन नाही. शॉवरखालच्या भिंतीवर जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत टाइल्समधल्या पांढऱ्या सिमेंटच्या रेघा काळ्या पडतात. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात सिलिकॉन मारलंय, त्यातही काळे ठिपके आहेत. दर महिन्याला बाटलीतलं ॲसिड टाकून घासतो, चारेक दिवस स्वच्छ दिसतं, मग हळूहळू पुन्हा तेच. पावसाळ्यात तर पंधरा दिवसही टिकत नाही. छतावरही करडे डाग यायला लागलेत. बाथरूमच्या भिंतीमागे बेडरूम आहे, तिथे स्कर्टिंगच्या वर रंगाचे पोपडे सुटलेत. घरात सासूबाईंना दमा आहे, म्हणून उग्र वासाचं काही वापरायची भीती वाटते. काय करावं?

टाइलचेकाम:
सगळ्यात आधी ॲसिड बंद करा. तुमच्या त्रासाचं मोठं कारण तेच आहे. पांढरं सिमेंट चुन्यापासूनच बनतं, ॲसिड त्याला खातं. वरचा थर विरघळून गेला की काळं निघून गेल्यासारखं दिसतं, पण खाली उघडा पडलेला सांधा आधीपेक्षा जास्त भुसभुशीत असतो. त्या बारीक छिद्रांत साबणाचा मळ आणि पाणी आणखी खोल बसतं आणि बुरशीला तेवढंच पुरतं. म्हणजे दर महिन्याला तुम्ही तिला नवीन घर बांधून देताय. नख घालून बघा: सांधा टाइलच्या पातळीपासून खाली गेला असेल आणि वाळूसारखं काही हाताला लागत असेल, तर तो कामातून गेला.

सफाईचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर कोमट पाण्यात घालून नायलॉनच्या ब्रशने साबणाचा थर काढा आणि धुऊन टाका. ही पायरी चुकवली की ब्लीच मळाशीच झगडत संपून जातं. मग घरगुती ब्लीच, म्हणजे साधारण ४-५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं, १०० मिली घेऊन ९०० मिली गार पाण्यात मिसळा. गरम पाणी नको, त्यात त्याची ताकद उतरते. स्प्रेने उडवू नका, स्पंजने किंवा जुन्या टूथब्रशने रेघांवर लावा. १० ते १५ मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, वाळायला लागलं तर पुन्हा लावा. मग घासून भरपूर पाण्याने धुवा. नळ आणि स्टीलच्या जाळीवर ब्लीच राहू देऊ नका, त्यावर डाग पडतात. उरलेलं मिश्रण ठेवून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी नवीन करा. बाटलीही वर्षभर उन्हात पडलेली असेल तर ती नावापुरतीच ब्लीच आहे.

एखादा डाग बुरशीचा आहे की नुसता मळ, हे कळत नसेल तर त्यावर ब्लीचचा एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत फिका पडला तर बहुतेक बुरशी.

घरचीरसायने:
वरच्या उत्तरात एक गोष्ट ठळक करायला हवी. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, आधी टाकलेलं ॲसिड नीट न धुता त्यावर ब्लीच टाकलं तरीही नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि ५ बाय ७ च्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो, दमा असलेल्यांना तर थोडासाही पुरे. टॉयलेट साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते ब्लीचशेजारी ठेवूसुद्धा नका. व्हिनेगरबरोबरही तेच. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर क्लोरामिन हा विषारी वायू तयार होतो.

सासूबाईंचा विचार करून मी ब्लीचऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवेन. मेडिकलमध्ये '२० व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली मिळते, म्हणजे साधारण ६ टक्के. हातमोजे घालून न मिसळता लावा, १० मिनिटं ठेवा, घासा, धुवा. वास जवळजवळ नाही. ब्लीचइतकं पांढरंशुभ्र होणार नाही, पण डाग थोडा उरला तरी बुरशी मेलेली असते. व्हिनेगर मात्र यातही मिसळू नका. काम चालू असताना आणि नंतर तासभर सासूबाई दुसऱ्या खोलीत असाव्यात, बाथरूमचं दार लावून खिडकी उघडी ठेवा. कोरड्या बुरशीवर ब्रश चालवू नका, बीजाणू हवेत उडतात. आधी ओलं करायचं, मगच घासायचं.

फरशी कडप्पा, शहाबाद, कोटा किंवा संगमरवराची असेल तर व्हिनेगर आणि लिंबूही नकोत. हे सगळे चुन्याच्याच जातीचे दगड, चकाकी जाते ती परत येत नाही.

आणि नहाणी ट्रॅपजवळ (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीजवळ) किंवा बादलीच्या बुडाशी गुलाबीसर बुळबुळीत थर दिसत असेल तर ती बुरशी नाही, जीवाणू आहेत. साबणाने घासून वाळवलं की जातो.

टाइलचेकाम:
सिलिकॉनबद्दल लिहायचं राहिलं. टिश्यू पेपरच्या पट्ट्या वळून ब्लीचच्या पाण्यात भिजवा, कोपऱ्यात दाबून बसवा, वर प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि ३-४ तासांनी काढा. डाग वरवरचे असतील तर जातील. नाही गेले तर बुरशी सिलिकॉनच्या आत किंवा मागे आहे, मग घासण्यात वेळ घालवू नका. कटरने दोन्ही कडा कापून पूर्ण पट्टी ओढून काढा. उरलेला पातळ थर खरवडा, कारण जुन्या सिलिकॉनवर नवीन चिकटत नाही. जागा पेरॉक्साइडने पुसा, किमान २४ तास वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मास्किंग टेप लावा. बुरशीरोधक, सॅनिटरी असं लिहिलेलं सिलिकॉन घ्या. दगडाला लागून भरायचं असेल तर न्यूट्रल क्युअर प्रकारचं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते दगडावर डाग पाडतं. भरून झालं की साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकाच ओढीत सारखं करा आणि टेप लगेच काढा. सिलिकॉन दिवसाला २-३ मिमी इतकंच आतपर्यंत पक्कं होतं, म्हणून २४ तास तरी पाणी नको, ४८ मिळाले तर उत्तम.

खराब झालेल्या सांध्यांना वरून पांढऱ्या सिमेंटचा हात मारणं म्हणजे पैसे पाण्यात. जुना भराव टाइलच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खोल काढून इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचा, पाणी न शोषणारा सांधेभराव) भरा. शॉवरखालच्या ३-४ फुटांपुरतं आणि फरशीपुरतं केलं तरी पुरेल. त्यात रेझिन, हार्डनर आणि भुकटी असे तीन भाग असतात, पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळायचे. अंदाजे टाकलं तर ते चिकटच राहतं. एका वेळी थोडंच कालवा आणि टाइलवर पसरलेलं तेव्हाच्या तेव्हा ओल्या स्पंजने पुसा, कारण एकदा कडक झालं की पत्र्यानेही निघत नाही.

हवाउजेड:
बाथरूम वाळलं नाही तर इपॉक्सीवरच्या साबणाच्या थरातसुद्धा बुरशी धरेल. तुमच्या खोलीत २८० घनफूट, म्हणजे सुमारे ८ घनमीटर हवा आहे. ६ इंची एक्झॉस्ट फॅन शटर आणि डक्टच्या अडथळ्यांसकट ताशी ८० घनमीटर जरी ओढत असेल, तरी तासात दहा वेळा हवा बदलते. खिडकीच्या वरच्या दोन-तीन पट्ट्या काढून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यात फॅन बसवा, उलटी हवा येऊ नये म्हणून मागे झडप हवीच. वायरिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच, शॉवरचे शिंतोडे उडणार नाहीत अशा जागी.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फॅन चालू आणि खिडकीच्या खालच्या पट्ट्याही उघड्या. मग फॅन डक्टमधलीच हवा आत घेऊन बाहेर टाकतो आणि शॉवरचा कोपरा तसाच ओला राहतो. पट्ट्या बंद करा, दाराखाली १५ ते २० मिमी फट ठेवा, म्हणजे घरातली कोरडी हवा फरशीवरून शॉवरकडे ओढली जाईल. आंघोळीनंतर ३० मिनिटं चालू द्या. ४० वॅटचा फॅन रोज एक तास चालला तरी महिन्याला सव्वा युनिट होतं.

श्रावणात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, तेव्हा एकट्या फॅनच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या आंघोळीनंतर भिंतीवर वरून खाली आणि फरशीवर नहाणी ट्रॅपकडे वायपर ओढा. जे पाणी वायपरने गेलं ते हवेला वाळवावं लागत नाही. ओला टॉवेल, लूफा, पायपुसणं बाथरूममध्ये ठेवू नका.

छतावर डिस्टेंपर असेल तर ते ओलं करून खरवडून काढा, पेरॉक्साइड लावा, २-३ दिवस वाळवा, मग प्रायमर आणि बुरशीरोधक इमल्शनचे दोन हात. डागावर थेट रंग मारला तर काही आठवड्यांत बुरशी रंगातून वर येते.

ओलीभिंत:
खूप आभार. बेडरूमकडच्या पोपड्यांचं काय? तिथे पांढरी भुकटीही सुटतेय.

टाइलचेकाम:
ती भुकटी बहुधा लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेले क्षार. पाणी शिंपडून बघा, विरघळली तर लोणाच, बुरशी नाही. पण याचा अर्थ पाणी भिंतीतून येतंय, ते वाफेने होत नाही. इपॉक्सीचा खर्च करण्याआधी हे शोधा. ते बाथरूम ५ दिवस अजिबात वापरू नका. बेडरूमची भिंत तरीही ओलसर राहिली तर दाबाच्या पाइपातून गळती असण्याची शक्यता जास्त. वाळायला लागली तर सांधे, नहाणी ट्रॅप किंवा खालचं वॉटरप्रूफिंग यांपैकी काहीतरी. मग ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवा, पेन्सिलने खूण करा आणि २४ तासांनी बघा. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या छतावर ओल उमटली तर लगेच कळेल. पाणी खुणेखाली स्पष्ट उतरलं तर आधी वॉटरप्रूफिंग, ग्राउट त्यानंतर.