फुकट मिळणारा प्लेसेट घ्यावा का? रविवारपर्यंत सांगायचंय

प्रेषक: मन्रोकर
मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलची चर्चा चालू आहे तिच्यात घुसायला नको म्हणून वेगळा विषय काढलाय.

आम्ही गेल्या ऑक्टोबरात अपार्टमेंट सोडून इथेच न्यू जर्सीत मन्रोच्या घरात आलो. मागे अंगण आहे, म्हणजे गवत, कुंपण आणि आधीच्या लोकांनी सोडलेली एक तुटकी खुर्ची. लेक साडेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. आमच्या मागच्या रस्त्यावरचे एक गृहस्थ घर विकून फ्लोरिडाला चाललेत. त्यांच्याकडे लाकडी प्लेसेट आहे: दोन झोके, छपराचा माचा, हिरवी घसरगुंडी, माच्याखाली वाळूची पेटी. म्हणाले, स्वतः उघडून न्या, पैसे नकोत. रविवारनंतर मोडीत जाणार.

नवरा म्हणतो फुकट आहे, विचार कसला करतेस. दुकानात तसाच नवा बघितला तर किंमत ऐकून मी गाडीची चावी शोधायला लागले, हेही खरं. पण उघडायचा, आणायचा, परत बसवायचा, आणि मुलांनी दोन महिन्यांत पाठ फिरवली तर? थॉम्प्सन पार्क आम्हाला दहा मिनिटांवर आहे. लेक मात्र त्या झोक्यावर एकदा बसून आली आणि तेव्हापासून "आपला झोका कधी आणायचा" चालू आहे.

ज्यांनी घेतला त्यांनी खरं खरं सांगा. मुलं किती वर्षं खेळली?

---

प्रेषक: ईस्ट ब्रन्सविककर
बुधवार, सकाळी ७:१५

आमच्याकडे होता. नऊ वर्षं उभा होता, त्यातली चार वर्षं मुलांनी वापरला आणि पाच वर्षं गांधीलमाश्यांनी.

पहिला उन्हाळा सोन्याचा. डेकेअरमधून आली की बूट न काढता थेट मागे. मी खिडकीतून बघत भाजी चिरायची. तेवढ्या पाऊण तासासाठी मी त्या सेटला सगळं माफ केलं. दुसऱ्या वर्षी माचा, शिडी, ती प्लास्टिकची दुर्बीण, सगळ्याचं नावीन्य संपलं. माझा एक सिद्धांत आहे: मुलं सेटशी खेळत नाहीत, दुसऱ्या मुलांशी खेळतात. शेजारची दोघं होती तोवर अंगण भरलेलं असायचं. ते लोक टेक्सासला गेले आणि आमचा माचा ओस पडला. म्हणून सेट बघण्याआधी तुझ्या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता एक चक्कर मार. मुलं बाहेर दिसतात का बघ.

छपराच्या आतल्या कोपऱ्यात दर मे महिन्यात घरटं. तुळईला भुंग्यांनी बोट जाईल एवढी गोल भोकं पाडलेली, खाली लाकडाचा भुगा. हे सगळं नवरा निस्तरायचा, मी नाही. त्याला विचारलंस तर सिद्धांत वेगळा मिळेल.

एक मात्र सांगते. बाकी सगळं काढलं तरी झोका शेवटपर्यंत चालला. लेक तेराची झाली तरी कानात हेडफोन घालून तासतासभर त्यावर बसायची.

---

प्रेषक: प्लेन्सबरोकर काका
बुधवार, सकाळी ९:४०

मन्रोकर,

मुलं खेळतील की नाही हे मी सांगू शकत नाही. लाकडाबद्दल सांगू शकतो. त्या गृहस्थांना एकच प्रश्न विचार: सेट कोणत्या वर्षी बसवला?

कारण असं. इथे पूर्वी बाहेर वापरायच्या पाइनला कीड लागू नये म्हणून क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने मुरवत. डेक (घरामागचा लाकडी ओटा), कुंपण, मुलांचे सेट, सगळ्याला तेच लाकूड. ते आर्सेनिक पृष्ठभागावर येतं, हाताला लागतं, खालच्या मातीत उतरतं. घरगुती वापरासाठी असं लाकूड तयार करणं कंपन्यांनी २००३ च्या अखेरीस थांबवलं. त्यानंतरचं असेल तर ही काळजी नाही. सीडार, म्हणजे असं औषध न मुरवताही टिकणारं लाकूड, असेल तर कधीचंही चालेल, फक्त खांबाचं बूड कुजलंय का ते पेचकस खुपसून बघ. आत गेला तर सोड.

आता जागा. अमेरिकन सरकारच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनची घरच्या अंगणातल्या खेळांसाठी एक पुस्तिका आहे, फुकट मिळते. तिच्यातलं गणित सोपं आहे. सेटच्या सगळ्या बाजूंनी सहा फूट मोकळं. झोक्याच्या पुढे आणि मागे मात्र तुळईच्या उंचीच्या दुप्पट. तुळई आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा, मागे सोळा, म्हणजे बत्तीस फूट. तुझं अंगण डेकपासून कुंपणापर्यंत किती आहे? टेप घेऊन मोज, अंदाजाने सांगू नकोस.

खाली गवत चालत नाही. तुडवून तुडवून झोक्याखालची माती सिमेंटसारखी होते. लाकडाचा चुरा नऊ इंच हवा, आणि तो दबतो म्हणून सुरुवातीला बारा इंच. बत्तीस फूट गुणिले वीस फूट (झोक्यांची रुंदी, अधिक दोन्ही बाजूंना सहा सहा) गुणिले एक फूट: ६४० घनफूट. एका घनयार्डात २७ घनफूट, म्हणून भागिले २७. साधारण २४ घनयार्ड. हे फक्त झोक्यांखाली, घसरगुंडीचं वेगळं.

---

प्रेषक: एडिसनकर
बुधवार, सकाळी ९:५५

काका, २४ यार्डात आमच्या अख्ख्या गल्लीची फुलझाडं झाकून होतील 😀

आमच्या सेटखाली गवत आहे आणि दोन्ही मुलं शाबूत आहेत. ट्रॅम्पोलिन घ्या, जागा कमी लागते.

---

प्रेषक: प्लेन्सबरोकर काका
बुधवार, सकाळी १०:०२

मुलं शाबूत आहेत यात गवताचं काही कर्तृत्व नाही.

घरच्या ट्रॅम्पोलिनला अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा स्पष्ट विरोध आहे. आणि आणायचंच असेल तर आधी घराची इन्शुरन्स पॉलिसी वाचा.

---

प्रेषक: मन्रोकर
गुरुवार, रात्री ११:२०

काका, मोजलं. टेप सापडेना म्हणून वाळत घालायची दोरी ताणली आणि मग दोरी इंचपट्टीने मोजली. नवरा डेकवर उभा राहून हसत होता. डेकपासून कुंपण ३० फूट. आडवं ५४.

म्हणजे झोका कुंपणाकडे तोंड करून बसत नाही. आडवा बसतो, पण मग त्या सेटची घसरगुंडी पश्चिमेला येते. जुलैत दुपारी त्या हिरव्या प्लास्टिकवर कुणी बसेल असं वाटत नाही. मी पार्कमधल्या घसरगुंडीला एकदा हात लावून बघितलाय, तव्यासारखी होती.

गृहस्थांनाही विचारलं. मोठा मुलगा दोन वर्षांचा असताना बसवला म्हणाले. वर्ष आठवेना, मग बायकोला हाक मारली. तिला मुलाचा वाढदिवस पक्का आठवत होता. हिशेब केला तर सेट २००१ चा.

---

प्रेषक: प्लेन्सबरोकर काका
शुक्रवार, सकाळी ६:३०

सीडार आहे का?

---

प्रेषक: मन्रोकर
शुक्रवार, सकाळी ८:०५

पाइन. खांबाच्या तुटलेल्या टोकाला हिरवट छटा आहे. म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही बघा लाकडाला."

---

प्रेषक: प्लेन्सबरोकर काका
शुक्रवार, सकाळी ८:११

काही झालं नाही त्याचं कारण तेच आर्सेनिक आहे.

खात्री टेस्ट किटनेच होईल. दरवर्षी लाकडात मुरणाऱ्या तेलकट स्टेनचा हात मारून लोक अशी लाकडं वापरतात, त्याने आर्सेनिक बाहेर येणं कमी होतं. तुझी एकटी साडेचार वर्षांची असती तर मी कदाचित वाद घातला असता. दीड वर्षाचा गडी दिवसभर हात तोंडात घालतो. शिवाय उघडताना कुठेतरी करवत चालवावी लागणार, भुसा उडणार. नको. आणि त्यांना सांग, मोडीत काढताना तुकडे शेकोटीत टाकू नका. धुरात आणि राखेत तेच उतरतं.

---

प्रेषक: वेस्ट विंडसरकर (आईच्या वतीने)
शुक्रवार, दुपारी १:३०

आई सध्या सहा महिन्यांसाठी इथे आहे. तिला हा सगळा पत्रव्यवहार वाचून दाखवला, तर म्हणाली माझं एक लिहून घे. तिच्याच शब्दांत:

"बाळांनो, घसरगुंडी घ्या नाहीतर घेऊ नका, पण एक ऐका. मागच्या खेपेला मी नातवाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून आले. तेव्हा तो वीस महिन्यांचा होता. एकटा घाबरेल म्हणून घेतलं. अर्ध्यावर त्याच्या बुटाचा रबरी तळवा कडेला अडकला. एकटा असता तर तो तिथेच थांबला असता. पण मागून माझं वजन येत होतं, ते कसं थांबणार? पाय मागे मुडपला. पडलो नाही, आपटलो नाही, खाली आलो तेव्हा मी हसत होते. तो रडायला लागला आणि पाय टेकवेना. नडगीचं हाड. तीन आठवडे प्लास्टर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, असे पाय आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात, आणि बहुतेक वेळा मूल कुणाच्या तरी मांडीवरच असतं. मी जावयाला तोंड दाखवेना. पोराला एकट्याने येता येत नसेल तर त्याला घसरगुंडी नको, एवढंच. नागपंचमीला आम्ही चिंचेला दोर बांधून उभ्याने झोके घ्यायचो, पडायचोही. पण आमच्या आया मांडीवर घेऊन झोके घेत नसत."

आई पुढे चिंचेबद्दल आणखी दोन पानं सांगत होती, ती मी गाळली आहेत. तिला कळवू नका.

मांडीवर घेऊन घसरण्यात हा धोका असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. फोटो मीच काढत होतो.

---

प्रेषक: हिल्सबरोकर
शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

तुमच्या मागे झाडी आहे का? आमच्या आहे, आणि हरणं रोज येतात. आम्ही सेट सावली मिळते म्हणून अगदी झाडांच्या कडेला बसवला आणि पहिल्याच जूनमध्ये धाकट्याच्या कानामागे गोचीड निघाली. तिळाएवढी. मी तीळच समजले होते, कारण सकाळी लाडू खाल्ला होता. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराची लागण झाली नाही, नशीब. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्लाही तोच आहे की खेळायची जागा झाडांपासून आणि अंगणाच्या कडेपासून लांब ठेवा, आणि गवत व झाडी यांच्यामध्ये तीन फूट रुंद खडीचा किंवा लाकडाच्या चुऱ्याचा पट्टा घाला. आम्ही सेट हलवला. हलवताना नवऱ्याची पाठ गेली, ती वेगळी कथा.

---

प्रेषक: मन्रोकर
रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. तो सेट घेतला नाही.

आज सकाळी दोन माणसं करवती घेऊन आली आणि दीड तासात सगळं ट्रकमध्ये. लेक माझा हात धरून बघत होती. मी तिला आर्सेनिक कसं समजावणार? "त्या लाकडाला औषध लावलंय, हाताला चांगलं नाही" एवढंच म्हटलं. त्यावर तिने विचारलं, "मग ते काका त्यांच्या बाळाला का बसवायचे?" त्या गृहस्थांनी ते ऐकलं असावं, म्हणजे मराठी त्यांना कळलं नाही, पण चेहरा कळला. ते आत गेले आणि झोक्याची एक पिवळी बैठक घेऊन आले. मागच्याच वर्षी नातीसाठी नवीन लावली होती म्हणे, साखळीसकट. हे लाकूड नाही, घेऊन जा. गरम पाणी आणि साबणाने धुतली. सध्या ती गॅरेजच्या जमिनीवर आहे, लेक त्यावर बसते आणि धाकटा तिला मागून ढकलतो. ती हलत नाही, पण दोघांची तक्रार नाही.

संध्याकाळी सहाची चक्करही मारली. चार घरं सोडून एक तमिळ कुटुंब आहे, मुलगी पाच वर्षांची. कोपऱ्यावर जुळे आहेत. एवढे दिवस आम्ही सगळे आपापल्या डेकवर होतो.

तर ठरलं असं: नुसती झोक्याची लोखंडी चौकट घ्यायची, तुळई सहा फुटांवर. एक बैठक ही पिवळी, एक धाकट्यासाठी चहूकडून बंद असलेली बादलीसारखी बैठक. माचा नको, घसरगुंडी नको. घसरगुंडीला थॉम्प्सन पार्क आहे, आणि तिथे मी कुणाला मांडीवर घेणार नाही. पुढेमागे बारा बारा, म्हणजे २४ फूट, तीस फुटांत बसतं, आणि झाडं लांब आहेत. सोसायटीचा फॉर्म भरून पाठवला, त्यात चौकटीचा रंग विचारलाय. निळी चालत नाही, हिरवी चालते.

चुऱ्याचं गणित काकांच्या पद्धतीने मीच केलं: २४ गुणिले १८ गुणिले १, भागिले २७. १६ यार्ड. ट्रकवाला ड्राइव्हवेवर ओतून जाणार. एका व्हीलबॅरोत सहा घनफूट धरले तर ७२ फेऱ्या. नवरा आता हसत नाहीये. मंजुरी येईलच या भरवशावर ट्रक शनिवारी दहाला बोलावलाय. चार माणसं आणि दोन व्हीलबॅरो हव्यात. कांदेपोहे आणि चहा माझ्याकडे.

---

प्रेषक: एडिसनकर
रविवार, रात्री ९:४१

मी येतो. व्हीलबॅरो आहे. उरलेला चुरा मी नेईन, आमच्या सेटखाली टाकायला. काकांना सांगू नका.

---

प्रेषक: प्लेन्सबरोकर काका
रविवार, रात्री ९:४४

वाचलं.

मन्रोकर, चौकटीचे अँकर जमिनीत जाणार. खाली गॅसची लाइन, केबल काय आहे ते कळायला ८११ ला फोन केलास का? सेवा फुकट आहे, येऊन झेंडे लावून जातात. पण न्यू जर्सीत कामाचे पूर्ण तीन दिवस आधी कळवावं लागतं. उद्या सकाळी केलास तर शनिवारी चौकट. नाहीतर शनिवारी फक्त पोहे.