उन्हाळ्यात १० मीटर रायफलचा ग्रुप उभा पडायलाय: रेग्युलेटर की बॅरल?

बालाघाट_लातूर
१० मीटरची पीसीपी (सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणारी) मॅच रायफल, तीन वर्षं वापरातली. फेब्रुवारीपर्यंत व्हाइसवर (शिकंज्यात धरून) १० गोळ्यांचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) बाहेरून बाहेर ७ मि.मी. यायचा. आता १० ते ११ येतो, तोही आडवा नाही, उभाच. छर्रे त्याच बॅचचे, ४.५० मि.मी. हेड (पुढचं डोकं), ०.५३ ग्रॅम. क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) वेग सेकंदाला १६८ ते १७६ मीटर. थांबून मारलेली पहिली गोळी हमखास वर जाते. पत्र्याचं शेड आहे, दुपारी आत चाळिशी ओलांडते. रेग्युलेटर (दर गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) उघडायचा की आधी बॅरल साफ करायची?

गोदाकाठ
दादा, दोन्हीला आत्ताच हात लावू नका. आधी हिशेब बघा. १० मीटरला १६८ ची गोळी साधारण १७.४ मि.मी. खाली येते, १७६ ची १५.८. म्हणजे वेगातल्या फरकाने ग्रुप दीड मि.मी. लांबतो. तुमचा तर तीन-चार मि.मी. वाढलाय. उरलेलं दुसरीकडून येतंय, म्हणून दोष एक नाही, दोन धरून चला.

दीड मि.मी. थोडे वाटतात, पण डेसिमलमध्ये (दशांशात गुण मोजताना) दर ०.२५ मि.मी.ला एक दशांश जातो. केंद्रापासून २.५ मि.मी.पर्यंत १०.०, त्यापुढे ९.९.

पहिली गोळी वर जाते, हे रेग्युलेटर क्रीपचं लक्षण. रेग्युलेटरच्या आतल्या व्हॉल्व्हची सीट नीट बसत नाही, हवा हळूहळू झिरपते, थांबलं की पुढच्या कप्प्यात दाब चढतो. चाचणी सोपी: मिनिटाच्या अंतराने ५ गोळ्या मारा, मग १५ मिनिटं थांबून एक. तिचा वेग आधीच्या सरासरीपेक्षा सेकंदाला ३-४ मीटरने जास्त निघाला तर क्रीप पक्का. असं तीनदा करा, एकदाच्या आकड्यावर जाऊ नका.

बॅरल खराब असेल तर गोळ्या चहूकडे पसरतात, नुसत्या उभ्या नाही. साफ करायचीच तर कोरडे फेल्टचे (नमद्याचे) बोळे ओढा, काळं यायचं थांबेपर्यंत. नंतरच्या १०-१५ गोळ्या मोजायच्या नाहीत.

खडकेश्वर
वेगातल्या फरकासाठी ब्रीचची (छर्रा भरतो ती जागा) ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, हीपण तपासा. टिश्यू पेपरची बोटभर लांब, अगदी अरुंद पट्टी ब्रीचच्या सांध्यावर ठेवा, छर्रा भरा आणि टार्गेटवर मारा. पट्टी फडफडली की हवा तिथून निसटतेय. कधी जास्त निसटते कधी कमी, त्यामुळे वेग डळमळतो. रिंग बदलताना जुनी काढायला सुई वापरू नका, खाचेला ओरखडा पडला तर नवीही गळणार. दातकोरणी बरी. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात. शिलाई मशीनचं तेल वगैरे उगंच घालू नका. दाबाच्या हवेत ते पेटू शकतं.

दुसरा दोष स्क्रूंमध्ये शोधा. स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढेच. हाताच्या अंदाजाने दोन माणसं दोन वेगवेगळे आवळतात. आवळून झाल्यावर स्क्रू आणि बॉडीवर मिळून नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. डायऑप्टर (मागची साइट) आणि फोरसाइटचा (पुढची साइट) क्लॅम्प, बॅरलवरची वजनंही हलवून बघा. व्हाइसमध्ये बॅरल धरत असाल तर आधी ते बंद करा. पकड बॉडीवर, दरवेळी त्याच जागी.

परभणीचं_ऊन
सिलिंडरबद्दल कुणीच बोललं नाही. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांवर गेला की २२३ बार दाखवतो. मे महिन्यात १८० लाच थांबा आणि गाडीत ठेवू नका. भरायचा सावकाश, झटक्यात भरलं की हवा तापते, काटा २०० ला जातो आणि गार झाल्यावर खाली येतो. मग लोक गळती शोधत बसतात! हातपंप असेल तर पावसाळ्यात ओल आत जाते आणि तीच पुढे रेग्युलेटर खाते. दवाखान्याचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन चुकूनही नाही, स्फोट होतो. सिलिंडरवरची तारीखही बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

बालाघाट_लातूर
पट्टी फडफडली. रिंग बदलून, स्क्रू आवळून आता १७० ते १७५, ग्रुप ८. पण १५ मिनिटांनंतरची गोळी तिन्ही वेळा ५ मीटर जास्त.

गोदाकाठ
मग क्रीप आहेच. सीट आणि आतल्या रिंगा मेकॅनिककडून बदलून घ्या, घरी नको. सिलिंडर काढला तरी रेग्युलेटरमध्ये हवा अडकलेली असते. काढल्यावर सुरक्षित दिशेला धरून आवाज बंद होईपर्यंत रिकामे फायर करा, मगच रायफल त्याच्या हातात द्या. तोवर स्पर्धा आली तर मोठ्या थांब्यानंतर लगेच रेकॉर्ड शॉट (गुण धरली जाणारी गोळी) मारू नका. सायटिंग (गुण न धरता नेम जुळवायची वेळ) चालू असेल तर तिथेच एक-दोन गोळ्या घाला.

दुरुस्तीनंतरच छर्रे तपासा. ४.४९, ४.५० आणि ४.५१, प्रत्येकाचे १० गोळ्यांचे तीन ग्रुप. एक ग्रुप कुणाचाही चांगला येतो. आणि डबा मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत नेला असेल तर स्कर्ट (छर्र्याची मागची पातळ कड) चेपलेले छर्रे आधी वेगळे काढा.